वेग कुणी कमी केला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, बारामतीहून नीरेकडे निघालं की थोड्याच वेळात माळेगाव बुद्रुक लागतं. साखर कारखान्याचं गाव. हंगामात रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर सुरू झाले, की हवेतच मळीचा वास असतो. अशा गावात माझ्या भाच्याचा एक छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, व्हिडिओ, वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडणूक आली तर उमेदवारांचे फोटो, असं सगळं तो एका खोलीत आणि एका कॉम्प्युटरवर करतो. मला तो मामू म्हणतो. घरात मीच काय तो बी.ए. झालेला, तोही मराठी घेऊन. त्यामुळं वीजबिलापासून वारस नोंदीपर्यंत ज्याला जे कळत नाही, ते माझ्याकडे येतं.

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. लॉकडाऊनमुळं थांबलेली लग्नं एकदम उठली होती आणि भाचा रात्ररात्र जागत होता. एका रात्री कॉम्प्युटरच्या पडद्यावर सूचना आली, की मदरबोर्डचं नवं फर्मवेअर आलेलं आहे. सुरक्षितता आणि स्थिरता वाढेल. पोरगं सावध. इन्व्हर्टर पूर्ण चार्ज होईपर्यंत थांबला, कारण हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा मुका होऊ शकतो, हे त्याला ठाऊक होतं. सगळं नीट पार पडलं. मशीन सुरू झालं, खिडक्या उघडल्या, फोटो दिसले. हा निवांत झोपला.

दुसऱ्या दिवशी एका लग्नाचा व्हिडिओ बाहेर काढायला लावला. तसल्या कामाला त्याच्या मशीनला बेचाळीस मिनिटं लागायची. त्या दिवशी अडुसष्ट लागली. आधी त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेवढाच वेळ. संध्याकाळी पूजेला जमलेल्या पाहुण्यांसमोर तो व्हिडिओ दाखवायचा होता. हा पोचला तेव्हा पंगती उठल्या होत्या आणि मुलीच्या वडिलांनी उरलेले चार हजार रुपये आजतागायत दिलेले नाहीत.

रात्री त्याचा फोन आला. म्हणाला, "मामू, मशीन बंद पडलं असतं तर कळलं असतं. हे चालतंय. सगळं दिसतं तसंच आहे. पण कुणीतरी रात्री येऊन त्यातला जोर काढून नेल्यासारखं वाटतंय."

बोर्ड कुठल्या कंपनीचा, प्रोसेसर कुणाचा, हे मी सांगणार नाही. दुखणं आमच्या घरचं आहे. पण त्याच्या त्या वाक्यानं मी वाचायला बसलो. कवितेचा माणूस, यंत्रात काय कळणार, असं स्वतःला पुष्कळदा सांगून झालं होतं. वाचत गेलो तसं लक्षात आलं, की यंत्राचा वेग त्याच्या पोटातली एखादी टिपणवही बदलून कमी करता येतो, या गोष्टीला चांगला सत्तर वर्षांचा इतिहास आहे. त्यात आपल्या पुण्यात जन्मलेला एक माणूसही आहे.

सुरुवात केंब्रिजमध्ये होते. मॉरिस विल्क्स नावाच्या शास्त्रज्ञानं १९५१ साली मँचेस्टरच्या एका परिषदेत एक कल्पना मांडली. यंत्राला आपण एक हुकूम देतो, भागाकार कर म्हणून. त्या हुकमाच्या आत कितीतरी बारीक पायऱ्या असतात. हा आकडा इथून उचल, तिथं ठेव, वजा कर, उरलं ते पुन्हा उचल. विल्क्स म्हणाले, या पायऱ्या तारांनी कायमच्या जोडून टाकण्यापेक्षा त्या लिहूनच का ठेवू नयेत? या लिहिलेल्या पायऱ्यांना मायक्रोकोड म्हणतात.

आमच्या भागात हे समजावून सांगायला सोपं आहे. कारखान्याच्या शेतकी खात्यातून चिठ्ठी निघते, अमक्या गटातला ऊस तोडा. चिठ्ठीत एवढंच असतं. टोळीत कोयते किती, पहाटे किती वाजता निघायचं, मोळी केवढी बांधायची, वाढं कुणी न्यायचं, हे सगळं मुकादमाच्या डोक्यात असतं. प्रोसेसरच्या आत असा एक मुकादम बसलेला आहे आणि मायक्रोकोड ही त्याची वही. आता वही लिहिलेली आहे म्हटल्यावर ती खोडताही येते. शेतकी खातं तेच, कोयते तेवढेच, पण वहीत एक जादा पायरी लिहिली, की संध्याकाळी गाडी उशिरा भरते.

ही वही बदलायची सोय किती महत्त्वाची मानली गेली, याचा एक पुरावा आपल्यापैकी अनेकांनी हातात धरलेला आहे. फ्लॉपी. आयबीएमनं १९७१ साली आणलेली पहिली आठ इंची फ्लॉपी तुमची-माझी पत्रं साठवायला नव्हतीच. मोठ्या यंत्रांत मायक्रोकोड भरण्यासाठी ती केली होती. मावायचे त्यात सुमारे ८० किलोबाइट. कंपनीनं दुरुस्ती केली, की ती पाकिटातून पाठवायची आणि ग्राहकाच्या यंत्रानं ती वाचायची. म्हणजे घरपोच दुरुस्तीची कल्पना त्या काळापासूनची. मी मात्र त्याच फ्लॉपीच्या धाकट्या भावंडांवर कविता घेऊन बारामतीला डीटीपीवाल्याकडे खेपा घातल्या, आणि अर्ध्या वेळा ती तिथं उघडायची नाही.

आता त्या डीटीपीवाल्याचा विषय निघालाच आहे, तर एक आडवाट. पर्सनल कॉम्प्युटरमध्ये सुरुवातीची जागवाजागव जे फर्मवेअर करतं, त्याला बायोस म्हणत आले. हे नाव अमेरिकेतल्या गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात त्यांच्या सीपी-एम या प्रणालीसाठी वापरलं. ते काही शब्दांचं लघुरूप आहे, पण ग्रीकमध्ये बायोस म्हणजे जीवन. आयबीएमचा पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला, तेव्हा त्याचा बायोस चिपमध्ये कायमचा कोरलेला असे. बदलायचा तर चिप उपटून दुसरी बसवायची. पुढं तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची फ्लॅश मेमरी आली आणि नव्वदच्या दशकात बायोस जागच्या जागी पुसून पुन्हा लिहिता येऊ लागला. सोय झाली. आणि जे मालकाला पुसता येतं, ते चोरालाही पुसता येतं.

२६ एप्रिल १९९९. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जगभर जागा झाला. काही यंत्रांच्या डिस्कचा सुरुवातीचा भाग त्यानं पुसला, काहींचा बायोसच खरडून टाकला. माझ्या पहिल्या संग्रहाची पानं ज्या मशीनवर श्री-लिपीत लागत होती, ते मशीन त्या दिवशी काळ्या पडद्याचं झालं. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आत कुणी नाही. चिप दुसरी आणली, पण डिस्कवरची पानं गेली ती गेलीच. माझी हस्तलिखित वही होती म्हणून पुन्हा अक्षर जुळवता आलं. दुसऱ्या खेपेला मी चार कविता स्वतःहून गाळल्या, हा त्यातला फायदा. पण फर्मवेअर म्हणजे काय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, ते कळायला पुढं बावीस वर्षं लागली.

पुण्याच्या माणसाकडे येतो. विनोद धाम यांचा जन्म १९५० चा, पुण्यातला. फाळणीत रावळपिंडीकडून आलेलं कुटुंब. शिक्षण दिल्लीत झालं, मग अमेरिका, मग इंटेल. मार्च १९९३ मध्ये बाजारात आलेल्या पेन्टियम या प्रोसेसरच्या कामाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं आणि लोक त्यांना पेन्टियमचे जनक म्हणतात. आपल्याकडे तर पेन्टियम हा शब्द कॉम्प्युटरलाच लावत. दुकानाच्या पाटीवर 'येथे पेन्टियमवर टायपिंग करून मिळेल' असं मी स्वतः वाचलेलं आहे.

या पेन्टियमच्या भागाकारात एक बारीक चूक राहिली होती. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. १९९४ साली त्यांना बेरीज जुळेना. महिनोन्‌महिने त्यांनी स्वतःवर, स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला, माझ्या भाच्यासारखाच. शेवटी चूक प्रोसेसरची निघाली. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागलं, तर १.३३३८२ यायला हवं, पेन्टियम १.३३३७४ सांगायचा. आतल्या एका कोष्टकात पाच नोंदी भरायच्या राहिल्या होत्या. हे कोष्टक चिपवर पक्कं कोरलेलं, म्हणजे दुरुस्ती पाठवायची सोय नाही. आधी कंपनीनं सामान्य माणसाला याचा त्रास होणार नाही अशी भूमिका घेतली. लोक खवळले. डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून द्यायचं ठरलं आणि त्यापायी इंटेलनं ४७ कोटी ५० लाख डॉलर खर्ची टाकले.

एवढा फटका बसल्यावर उद्योगानं काय धडा घ्यावा? १९९५ च्या अखेरीस आलेल्या पेन्टियम प्रो या प्रोसेसरमध्ये मुकादमाची वही नंतर दुरुस्त करायची सोय होती. त्यातही एक गंमत आहे, जी मला फार उशिरा कळली. ही दुरुस्ती प्रोसेसरच्या आत कायमची जाऊन बसत नाही. वीज गेली की प्रोसेसर ती विसरतो. दर वेळी मशीन सुरू होताना मदरबोर्डचं फर्मवेअर, किंवा नंतर विंडोजसारखी प्रणाली, त्याला ती पुन्हा सांगते. रोज सकाळी मुकादमाला चिठ्ठीबरोबर सांगायचं, कालच्याप्रमाणे आजही ती जादा पायरी लक्षात ठेव. म्हणून बोर्डाचं फर्मवेअर बदललं, की प्रोसेसरचा स्वभाव बदलतो. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे प्रोसेसर तोच, पण रोज सकाळी त्याचे कान भरतात."

बरीच वर्षं या दुरुस्त्या कुणाला जाणवल्या नाहीत. मग ३ जानेवारी २०१८ उजाडला.

त्याच्या आधी वेगाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. आजचे प्रोसेसर एवढे वेगवान आहेत, याचं एक मोठं कारण म्हणजे ते हुकमाची वाट पाहत नाहीत. अंदाज बांधून काम आधीच सुरू करतात. अंदाज बरोबर आला तर वेळ वाचला, चुकला तर केलेलं टाकून द्यायचं. एसटी स्टँडवरच्या हॉटेलवाल्यासारखं. मास्तर बसमधून उतरताना दिसले, की तो न विचारता बिनसाखरेचा चहा ठेवतो. मास्तर आले नाहीत तर चहा ओतून टाकतो, नुकसान दोन घोटांचं. पण आता समजा, मी गल्ल्याशी उभा राहून पाहतोय, की कुठलं भांडं गरम आहे. चहा ओतून टाकलेला असला तरी बिनसाखरेचं भांडं गरम आहे, यावरून मला कळलं, की मास्तरांना साखरेचा त्रास आहे. मास्तरांनी सांगितलं नाही, हॉटेलवाल्यानं सांगितलं नाही, भांड्यानं सांगितलं.

मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांनी गाजलेले दोष ते हेच. प्रोसेसरनं टाकून दिलेल्या कामाच्या उबेवरून दुसऱ्याची गुपितं, पासवर्ड वाचता येतात, हे गूगलच्या यान होर्न यांनी २०१७ मध्ये कंपन्यांना कळवलं होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाचे आणि इतर काही संशोधकही वेगळ्या वाटांनी तिथंच पोचले होते. इंटेलचे वीसेक वर्षांतले बहुतेक प्रोसेसर यातल्या एका ना एका दोषाच्या कक्षेत आले, स्पेक्टरच्या कक्षेत एएमडी आणि मोबाइलमधले एआरएमसुद्धा. चूक कुणाच्या हलगर्जीपणाची म्हणावी, तर तसंही नाही. वेगासाठी सगळ्यांनीच जी युक्ती वापरली, त्या युक्तीतच ती होती.

उपाय काय? हॉटेलवाल्याला सांगायचं, काही वेळा अंदाज करू नकोस, आणि दर गिऱ्हाइकामागं भांडी गार कर. म्हणजे वेग कमी. मायक्रोकोडच्या आणि प्रणालीच्या दुरुस्त्या निघाल्या. ९ जानेवारीला मायक्रोसॉफ्टचे टेरी मायरसन यांनी बरंच सरळ लिहिलं: २०१६ नंतरच्या मशीनवर विंडोज १० असेल तर फरक एक आकडी टक्क्यांत राहील, २०१५ च्या आसपासच्या मशीनवर काहींना जाणवेल, आणि जुन्या मशीनवर विंडोज ७ किंवा ८ असेल तर बहुतेकांना जाणवेल. जुनं मशीन आणि विंडोज ७! श्रोतेहो, आपल्या तालुक्यातल्या सेतू केंद्रांत, झेरॉक्सच्या दुकानांत, पतपेढ्यांत त्या वर्षी आणखी काय होतं? जग मोजत होतं ते सर्व्हर आणि डेटा सेंटरचे टक्के. जिथं आठ वर्षांचं मशीन आणखी पाच वर्षं चालवायचं असतं, तिथले टक्के कुणी मोजले असतील असं मला वाटत नाही. तिथं फक्त रांग थोडी लांबली आणि खिडकीतल्या पोरानं शिव्या खाल्ल्या.

शिवाय घाईत केलेली दुरुस्तीही बिघडली. काही मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागली. २२ जानेवारीला इंटेलनंच सांगितलं, आत्ताची मायक्रोकोड दुरुस्ती पसरवणं थांबवा. महिनाअखेरीला मायक्रोसॉफ्टनं ती दुरुस्ती निष्क्रिय करणारी आणखी एक दुरुस्ती काढली. मग सुधारित वह्या आल्या. पुढंही हे थांबलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये डॅनियल मोघिमी या संशोधकानं डाउनफॉल नावाचा दोष जाहीर केला, तेव्हा काही विशिष्ट कामांत वेग निम्म्यापर्यंत घटू शकतो, हे इंटेलनंच मान्य केलं.

मधल्या काळात फोनची गोष्टही घडून गेली होती. जुन्या आयफोनची बॅटरी थकली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून ॲपलनं सॉफ्टवेअरमधून त्याचा वेग कमी केला होता. हेतू वाईट नव्हता. पण लोकांना हे धड सांगितलं नव्हतं. मोजणाऱ्यांनी मोजून दाखवल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीनं कबूल केलं, माफी मागितली, बॅटरी स्वस्तात बदलून दिली. २०२० साली फ्रान्समध्ये त्यापायी अडीच कोटी युरोचा दंड झाला, तो वेग कमी केल्याबद्दल नव्हे, ग्राहकाला न सांगितल्याबद्दल.

इथं मला अब्बा आठवतात. ते नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. इंग्रजांनी १८८५ च्या सुमारास सुरू केलेला हा कालवा. आमचा ऊस, आमचा कारखाना, आमची भांडणं, सगळं त्याच्या पाण्यावर. आवर्तन सुटलं की अब्बा सायकलवरून दारं उघडत, बंद करत फिरायचे. १९८४-८५ च्या सुमारास, मी हायस्कुलात असताना, एका उन्हाळी आवर्तनात वरच्या अंगाला भराव खचायला लागला म्हणून पाणी कमी करायचा हुकूम आला. हुकमात एवढंच होतं, दारं इतकी इतकी खाली घ्या. लोकांना सांगा, असं त्यात नव्हतं. अब्बांनी मला सायकलवर पुढं बसवलं आणि रात्री वस्ती-वस्तीवर जाऊन सांगितलं, उद्यापासून पाणी कमी येईल, भरणं बेतानं धरा. एका ठिकाणी शिव्या मिळाल्या, एका ठिकाणी चहा. मी विचारलं, हुकूम तर दारापुरता होता. ते म्हणाले, "सकाळी तो पाटाशी येईल, पाणी कमी दिसेल. मग तो शेजाऱ्यावर कुऱ्हाड घेऊन जाईल. माझ्यावर नाही."

मला वाटतं, संगणक उद्योगाकडे इंजिनियर पुष्कळ आहेत, पाटकरी नाहीत.

भाच्याच्या मशीनकडे परत येतो. बारामतीत अभियांत्रिकी शिकवणारा त्याचा एक दोस्त रविवारी आला. तो पडद्यासमोर बसला आणि पहिल्या दहा मिनिटांत निम्मी चोरी पकडली. फर्मवेअर नवं टाकलं, की बोर्डाच्या साऱ्या निवडी कारखान्यातून आल्या तशा होतात. भाच्यानं घेतलेली मेमरी बत्तीसशेच्या वेगाची. अपडेटनंतर ती एकवीसशे तेहतीसवर रांगत होती. आधी दुकानदारानं जोडणी करताना ती निवड चालू करून दिली होती, याला ठाऊकच नव्हतं. ती पुन्हा चालू केली. अडुसष्ट मिनिटांची एकावन्न झाली.

उरलेली नऊ मिनिटं मात्र परत येईनात. दोस्तानं सांगितलं ते असं. प्रोसेसर बनवणारा सांगतो, याला दीर्घकाळ एवढीच वीज द्या. बोर्ड बनवणारा मात्र बाजारात शेजाऱ्यापेक्षा आपला बोर्ड दोन टक्के पुढं दिसावा म्हणून ती मर्यादा गुपचूप सैल सोडतो. भाच्याचं मशीन पहिल्या दिवसापासून मर्यादेच्या वर धावत होतं. नव्या फर्मवेअरनं ते मर्यादेत आणलं. बदलांच्या यादीत त्याबद्दल चार शब्द होते: कार्यक्षमतेत आवश्यक सुधारणा. भाच्यानं मागची आवृत्ती परत टाकून पाहिली, तर बोर्डानं ती घ्यायला नकार दिला.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, म्हणजे ती बेचाळीस मिनिटं माझी होती, का उधारीची?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. अजूनही नीट येत नाही. कारण याच्या उलट बाजूचंही आमच्याकडे उदाहरण आहे. कालवा आला तेव्हा लोकांनी उसाला पाणी इतकं सोडलं, की खालच्या पट्ट्यातल्या कितीतरी जमिनी खारवट झाल्या. पांढरा थर वर आला आणि पीक येईना. ज्याला पाणी मोजून मिळालं तो त्या वेळी कुरकुरला, पण त्याची जमीन राहिली. दुसरीकडे, भाच्यानं मशीन घेताना आकडे पाहूनच पैसे मोजले होते. जो वेग दाखवून विकलं, तो वेग नंतर 'जादा होता' म्हणून काढून घ्यायचा, याला आमच्या बाजारात वेगळा शब्द आहे आणि तो आकाशवाणीवर उच्चारता येत नाही.

२०२४ साली हेच जगासमोर फार मोठ्या आकारात घडलं. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही ताकदवान प्रोसेसर अकारण कोलमडू लागले. आधी बोट बोर्डवाल्यांकडे गेलं, की तुम्ही मर्यादा सैल सोडल्या. त्या वसंतात बोर्ड कंपन्यांनी मर्यादा घट्ट करणारी फर्मवेअरं काढली आणि जड कामांत वेग घटल्याचं लोकांनी मोजून दाखवलं. मग पुढं कळलं, की दुखणं तेवढंच नाही. मायक्रोकोडच प्रोसेसरसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यानं आतला एक भाग हळूहळू झिजत होता. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून मिळाली. मात्र जो झिजला तो झिजला. वही बदलून तुटलेला कोयता सांधत नाही. या खेपेला ज्यांनी 'वेग कमी होईल' या भीतीनं अपडेट टाळलं, त्यांचंच नुकसान झालं असण्याचा संभव जास्त. हे मला भाच्याला सांगावं लागलं. २०२१ पासून त्यानं 'अपडेट करायचंच नाही' असा पण केला होता, आणि त्या पणाला मीच खतपाणी घातलं होतं. त्याचं मशीन त्या पिढीतलं नव्हतं, म्हणून निभावलं.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून एक साधी वही घातली. कागदाची, दोनशेपानी. एक ठरलेली, अर्ध्या तासाची लग्नाची फिल्म बाजूला ठेवली आहे, भाच्याच्या स्वतःच्याच लग्नाची. कुठलीही दुरुस्ती टाकण्याआधी ती एकदा बाहेर काढायची आणि मिनिटं लिहायची. टाकल्यावर पुन्हा काढायची, पुन्हा लिहायची. बोर्डाच्या निवडींचे पडदे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, म्हणजे पुसल्या गेल्या तर पुन्हा भरता येतील. कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा तोलतात, तसं. त्याची बायको म्हणते, आमच्या लग्नाचा व्हिडिओ आता आम्ही फक्त घड्याळ लावून बघतो.

माळेगावच्या शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथं हल्ली उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालतात. जमिनीत बसवलेली यंत्रं ओल मोजतात, वरून उपग्रह बघतो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं, की आज पाणी किती द्यायचं. गेल्या हंगामात आम्ही दोघं पाहून आलो. शेतकरी खूश होते, पाणी वाचतंय, ऊस जोरात आहे. परतताना भाचा गाडीवर मागं बसून म्हणाला, "मामू, हे पाणी सांगणारं जे आहे, त्याच्या वहीत उद्या कुणी एक ओळ बदलली, तर शेतकऱ्याला कळवायला सायकलवरून कोण येईल?"

मागच्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन होता. पडद्यावर नवी सूचना आली आहे, सुरक्षिततेसाठी महत्त्वाची म्हणून. करू का, विचारत होता. मी विचारलं, हातात काय काम आहे? म्हणाला, शनिवारी एक लग्न आहे, पंधराशे फोटो आणि दोन तासांचा व्हिडिओ. म्हटलं, मग ते आधी दे, चार हजारांसकट सगळे पैसे घे, रविवारी इन्व्हर्टर भर आणि मग कर. वहीत आत्ताची मिनिटं लिहिलीस का?

म्हणाला, लिहिली. एकावन्न.